अण्णांच्या हातची रेघ

बातमी आली तेव्हा मी जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या कॉलेजात वर्गावर होते. कॅडची, म्हणजे ज्यावर घरांचे आणि यंत्रांचे नकाशे काढतात त्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती नुकतीच आली होती आणि तिच्यात एक नवल होतं. दोन रेघांना एकदा ‘तुम्ही समांतर राहा’ असं सांगून ठेवलं, की मग एकीला कुठेही फिरवा, दुसरी आपणहून तिच्याबरोबर वळते. मुलांना हे दाखवता दाखवता माझ्या मनात भलतंच चाललं होतं... रविवारी अण्णांकडे जायचं आणि हे दाखवून त्यांची जिरवायची. कारण ‘आता तुझ्या त्या कॅडमध्ये नवं यायचं काही शिल्लक नाही’ असं त्यांनी मला फोनवर ठासून सांगितलं होतं. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. अण्णांच्या पत्नी सुमनकाकू माझ्या वर्गाच्या वेळात कधी फोन करत नसत. मी बाहेर व्हरांड्यात आले. “अण्णा गेले गं,” काकू म्हणाल्या. “सकाळी चहा ठेवला, हाक मारली, तर उठलेच नाहीत.” आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, “तू जेवून नीघ. आज इथं कोण कुणाला वाढणार?” मी न जेवताच निघाले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की वर्ग तसाच सोडून आले होते आणि त्या दोन समांतर रेघा पडद्यावर अजून दिसत असणार.

त्याला आता काही आठवडे झाले. अण्णा चौगुले मूळचे कोल्हापूरचे. केंद्र सरकारच्या एका बांधकाम कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून लागले, बदल्यांमागून बदल्या घेत जयपूरला पोचले आणि इथेच हेड ड्राफ्ट्समन झाले. जवाहर नगरात घर बांधलं, मुलगी मृणाल इथल्याच शाळेत हिंदीतून शिकली, पण अण्णा आणि सुमनकाकूंची कोल्हापुरी कुठे हलली नाही. काकू तर तिकडच्या पद्धतीने ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायच्या आणि शेजारच्या मारवाडी बायकांना काकूंच्या हिंदीतही ते ऐकून घ्यावं लागायचं. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेली अण्णांची जुनी ड्रॉइंग मी पाहिली आहेत. रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे टोकाशी डोळा नेल्याशिवाय कळत नसे, इतकी ती एकसारखी. आणि अशा माणसाचा उजवा हात पन्नाशीतच थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हा कंप वाढत जाणार. अण्णांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कचेरीत सांगितलं, नजर कमी झाली म्हणून. खरं कारण फक्त काकूंना माहीत होतं.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यानंतर. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी नागपूरहून नोकरीसाठी जयपूरला आले होते आणि सीकर रोडवर, मुरलीपुऱ्याच्या अलीकडे, एका दुकानावरच्या माळ्यावर कॅडचे वर्ग घ्यायचे. समोर सगळी विशीतली पोरं. त्यात एके दिवशी इस्त्रीच्या शर्टातले हे गृहस्थ दारात उभे राहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “हाथ धोने की जगह कहाँ है?” मला वाटलं, जेवायला आलेत की काय. हात धुतले, रुमालाने कोरडे केले, खिशातून पावडरीची छोटी डबी काढून तळव्यांना चोळली आणि मगच माउसला हात लावला. ट्रेसिंग पेपरला घाम लागू नये म्हणून जुने ड्राफ्ट्समन असं करायचे. माझ्या माउसला घामाचं काही वाटत नव्हतं, पण त्यांना कोण सांगणार? नंतर पोरं हसली ती दुसऱ्याच गोष्टीला. अण्णांनी एक रेघ काढली, चुकली, म्हणून डिलीट केली... आणि डाव्या हाताने टेबलावरून खोडरबराचा चुरा झटकला. चुरा अर्थातच नव्हता. पुढे कित्येक वर्षं मी त्यांना डिलीट करताना पाहिलं, आणि प्रत्येक वेळी टेबल स्वच्छ झालेलं पाहिलं.

त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक खोली काढली आणि ती पडद्यावर मुंगीएवढी दिसायला लागली. बोर्डवर काढणारा माणूस आयुष्यभर शंभराने भागून काढत आलेला असतो, कॅडमध्ये मात्र दहा फुटांची भिंत दहा फूटच काढायची असते. मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. “एवढी जागा हाय होय हिच्यात?” ते मराठीत म्हणाले. मी उडालेच. “तुम्ही मराठी?” “तू मराठी? मग इतके दिवस हिंदीत काय झोडालीस?” तिथून मी त्यांची ‘नागपूरची मास्तरीणबाई’ झाले आणि ते माझे अण्णा. परक्या गावात आपल्या भाषेतलं रागावणं ऐकायला मिळालं, की माणूस किती खूश होतो, हे मला तेव्हा कळलं.

हात थरथरतो हे मला त्यांनी सांगितलं नाही, मीच पाहिलं. कर्सर पडद्यावर सारखा कापत होता आणि अण्णा रेघेचं टोक पकडायला जीव टाकत होते. टोक यायचं, निसटायचं. कपाळावर घाम. मला वाटलं नवखे आहेत, म्हणून मी पुढचा धडा आधीच घेतला आणि त्यांच्या मशीनवर स्नॅप चालू करून दिला. स्नॅप चालू असला, की कर्सर टोकाच्या नुसता जवळ गेला तरी तिथे पिवळी खूण उगवते आणि रेघ नेमकी त्या टोकालाच जाऊन चिकटते, तुम्ही थोडे इकडेतिकडे असलात तरी. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, पोरांना ते पाच मिनिटांत शिकवून मी पुढे जायचे. अण्णांनी एक टोक पकडलं. मग दुसरं. मग उगीचच चार-पाच रेघा एकीला एक जोडत गेले, सगळ्या काटेकोर. मग माउसवरचा हात उचलून त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “हे बघ.” बोटं हलत होती. “आणि हे बघ,” म्हणून पडद्याकडे बोट केलं. मी दोन्ही पाहिलं. वर्ग सुटल्यावर ते जिन्यात थांबले आणि नोकरी का सोडली ते मला सांगितलं. “मला वाटलं होतं, संपलं,” म्हणाले. “पुन्हा रेघ मारता येणार नाही. आता म्हटलं, बघू किती दिवस जमतंय.”

ही एवढीच त्यांची हाव होती. पैसा नको होता, नाव नको होतं. आपल्या हाताने रेघ मारत राहायचं, जितकी वर्षं जमेल तितकी. मी एकदा भाबडेपणाने म्हटलं होतं, “अण्णा, तुम्ही नुसतं सांगत जा ना, मी काढून देते.” तर माझ्या हातातला माउस त्यांनी काढून घेतला. “तू जेवलीस म्हणून माझं पोट भरत असतं तर काकू कशाला स्वयंपाक करत बसली असती?” काकू आतून म्हणाल्या, “मला मध्ये ओढू नका.” पुन्हा तो विषय मी काढला नाही.

तेव्हापासून कॅडची प्रत्येक नवी आवृत्ती ही आमच्या दोघांची खासगी बाब झाली. दुसरे लोक विचारायचे, फाइल लवकर उघडते का, प्रिंट बरी येते का. मी मात्र कंपनीने पाठवलेली सीडी घालून पहिल्यांदा हेच बघायचे, की यातलं अण्णांच्या हाताला काय उपयोगी आहे. रेघेची दिशा धरून ठेवणारं ट्रॅकिंग त्यांना फार आवडलं. ठरावीक कोनाजवळ आलात, की ठिपक्यांची वाट दिसते आणि कर्सर तिच्यावरून ढळत नाही. मग लांबीचा आकडा टाइप करायचा, झाली रेघ. पुढे आकड्यांची चौकट कर्सरच्या शेजारीच दिसायला लागली, तेव्हा त्यांनी काकूंना बोलावून दाखवलं. सगळंच गोड होतं असं नाही. एकच दार किंवा खिडकी बाण ओढून हवी तेवढी रुंद करता येते, अशी सोय आली तेव्हा सगळं जयपूर खूश झालं, अण्णा सोडून. तो इवलासा बाण पकडून ओढत न्यायचा म्हणजे त्यांच्या हाताची परीक्षाच. आणि दोनदा क्लिक केलं, की उघडणाऱ्या त्या खिडक्या! हात हलला की एकाचे दोन क्लिक व्हायचे आणि न बोलावलेली खिडकी पुढ्यात उभी. “पाहुण्यांसारखं येतंय बघ,” ते वैतागून म्हणायचे. ते दोनदा क्लिकचं प्रकरण बंद करायची सोय मी एका दुपारी शोधून काढली, तर काकूंनी त्या आनंदात शिरा केला. हात वर्षावर्षाला बिघडत होता आणि सॉफ्टवेअर वर्षावर्षाला सुधारत होतं. त्यांच्यात शर्यत लागली होती म्हणा ना. आम्ही दोघं उघड सॉफ्टवेअरच्या बाजूने होतो.

घरबसल्या त्यांना कामंही मिळायला लागली होती, ओळखीच्या आर्किटेक्टांची बारीकसारीक. त्यात ते हवेलीचं काम आलं. परकोट्यात, म्हणजे जुन्या शहरात, एका गल्लीत शेखावतजी म्हणून गृहस्थांची जुनी हवेली होती आणि त्यांना तिचा दर्शनी झरोका, म्हणजे भिंतीबाहेर आलेली कमानींची कोरीव खिडकी, दुरुस्त करायचा होता. दगडी जाळीचे बरेच तुकडे फुटले होते, ते नवे कोरून बसवायचे, त्यासाठी मोजून काढलेलं ड्रॉइंग हवं होतं. अण्णा एकदम दहा वर्षांनी लहान झाले. झरोक्याचा डावा भाग त्यांनी मोजून घेतला. उजव्या भागापुढे खालच्या दुकानाचा पत्रा आणि बांबू आलेले, तिथे पोचता येईना. घरी येऊन त्यांनी डावी बाजू काढली. स्नॅप, ट्रॅकिंग, जेवढं म्हणून हाताशी होतं तेवढं सगळं लावून. मग मिररची, म्हणजे आरशासारखं उलटं उमटवायची, आज्ञा दिली आणि उजवी बाजू क्षणात समोर उभी. मला फोन आला, “मास्तरीणबाई, ये बघायला.” ड्रॉइंग खरंच देखणं होतं. जाळीची फुलं एकसारखी, कमानी ताठ, मधला कळस नेमका मध्यावर. “माझ्या चांगल्या दिवसांत पण इतकं सरळ आलं नव्हतं,” ते म्हणाले आणि हसले. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं.

छापून आणलेली गुंडाळी घेऊन आम्ही दोघं परकोट्यात गेलो. तोवर दुकानाचा पत्रा काढला गेला होता. गल्लीत उभं राहून अण्णांनी ड्रॉइंग उघडलं, झरोक्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. मग दुरुस्तीसाठी बांधलेल्या बांबूच्या परांचीवर चढले. थरथरत्या हाताने टेप धरून ते उजवी बाजू मोजत होते आणि खाली माझा जीव वरखाली. उतरले ते चेहरा पाडूनच. उजवी बाजू डावीपेक्षा चांगली वीतभर अरुंद होती. खालची भिंत कधीकाळी खचली असेल, किंवा मुळातच गल्लीच्या वळणाला धरून बांधली असेल. कमान एकीकडे कललेली, जाळीची फुलं त्या बाजूला दाटीने बसवलेली. एकदा कळल्यावर ते खालूनही दिसायला लागलं, आणि इतका वेळ कसं दिसलं नाही, याचं नवल वाटलं. शेखावतजी मोठ्या मनाचे. म्हणाले, “अंकलजी, छोड़िए ना। दोनों तरफ़ एक जैसा ही तो लगता है। फ़ीता लेकर कौन देखने आएगा?” खरं तर त्यांना ते सरळ ड्रॉइंगच जास्त आवडलं होतं.

अण्णांनी गुंडाळी परत मागून घेतली. परतीच्या रिक्षात ती त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवली. मी आपलं समजूत घालायला म्हटलं, तिथे पोचता येत नव्हतं, कुणीही मिररच केलं असतं. “कुणीही केलं असतं गं,” ते म्हणाले, “पण मी का केलं ते मला ठाऊक हाय की. माझी रेघ सरळ यायला लागली, त्याचीच मला चढली. मग हवेली पण सरळ करून टाकली मी.” थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “माझा हात वाकडा जातोय म्हणून दगडाला सरळ करायचा हक्क मला कुणी दिला?” ते ड्रॉइंग तसंच गेलं असतं, तर नवे तुकडे बसवायला जुन्या दगडांवर छिन्नी चालली असती. इतकी वर्षं टिकून राहिलेला वाकडेपणा एका सुबक कागदापायी तोडला गेला असता. अण्णांना ते सोसणारं नव्हतं.

पण दुरुस्त करायचं कसं? अडचण अशी, की ज्या सोयींच्या जिवावर त्यांचा हात चालत होता, त्या सगळ्या सरळ आणि सारख्या गोष्टींसाठी होत्या. कललेल्या कमानीला ट्रॅकिंगची वाट दिसत नाही. दाटीने बसलेल्या फुलांत स्नॅप शेजारच्याच टोकाला जाऊन चिकटतो, आपल्याला पत्ता न लागता. तिथे मोकळा, स्थिर हात लागतो. तो असता, तर एवढं रामायण झालंच नसतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते माझ्याकडे पाहतच नव्हते.

चार दिवसांनी मी गेले, तेव्हा जवाहर नगरच्या त्या मागच्या खोलीत वेगळाच कारखाना चालू होता. माउस खिडकीत ठेवलेला. अण्णा डाव्या हाताच्या एका बोटाने आकडे टाइप करत होते, आणि काकू शेजारी स्टुलावर बसून, चष्मा नाकावर आणून, ते वाचून दाखवत होत्या. अण्णांनी पुन्हा परांचीवर चढून, ओळंबा सोडून, प्रत्येक टोकाचं माप घेतलं होतं, ओळंब्यापासून किती लांब आणि तळापासून किती उंच. कॅडला हे दोन आकडे दिले, की तो बिंदू बरोबर तिथे बसतो, हाताची गरजच नाही. म्हणजे कॅडची ही सगळ्यात जुनी, मी वर्गात पहिल्या दिवशी शिकवून विसरून जाणारी पद्धत. “आडवा,” काकू आकडा सांगायच्या, “आता उभा घ्या,” आणि दुसरा आकडा. मध्येच, “अवो, हा मारला की आत्ताच, परत काय मारताय?” अण्णा खोडायचे, चुरा झटकायचे, पुढे जायचे. “मी वाचतो, त्यांनी मारायचं,” काकूंनी मला कारभार समजावून दिला. “मला कळत काय नाही ह्यातलं. पण हळूहळू ती कमान उठायला लागलीय बघ.” खरंच उठत होती... वाकडी, कललेली, अगदी तिथल्यासारखी. पडद्यावर कसला तो झरोका, आणि दोघं त्याच्यापुढे भाजी निवडायला बसल्यासारखी बसलेली. आमच्या धंद्यात मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण त्या दुपारच्या इतकं सुंदर ड्राफ्टिंग मला कुठे पाहायला मिळालेलं नाही. शेखावतजींच्या झरोक्यात नवे तुकडे बसले, तेव्हा जुन्यातला एकही दगड हलवावा लागला नाही. अण्णा ते बघायला गेले होते, पण मला सांगितलं एवढंच, “बसलं नीट.”

पुढे माझं लग्न झालं, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जगतपुऱ्याला गेले, आणि भेटींपेक्षा फोन वाढले. कॅडच्या वरच्या बाजूला चित्रांची ती रुंद पट्टी आली, त्या वर्षी अण्णा महिनाभर माझ्यावर रुसले होते, जणू ती मीच बसवली. “एवढीएवढीशी चित्रं, त्यावर नेम धरून टिचकी मारायची, ही काय गोट्यांची स्पर्धा हाय?” मी सांगितलं, पट्टी लपवता येते, आज्ञा पूर्वीसारख्या टाइप करता येतात. “मग आधी सांगायचं की!” अशी आमची भांडणं. हात कसा आहे, असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं, “हाय की जागेवर.” ड्रॉइंग मेलवर येत राहायची, नेटकी. मग मीही फार खोदून विचारत नसे.

अण्णांचे दिवस झाल्यावरच्या रविवारी मी जवाहर नगरला गेले. मृणाल गुडगावला परत निघायच्या तयारीत होती. “ताई, पापा आईसाठी देवघर काढत होते,” ती म्हणाली. “मतलब, जवळजवळ झालंय. त्याची प्रिंट काढून द्याल? इथल्या मिस्त्रींना देऊन बनवूनच घेऊ.” काकू दाराला टेकून उभ्या होत्या. मी अण्णांच्या खुर्चीत बसले आणि मशीन चालू केलं. देवघर छान होतं, लहानसं, दोन बाजूंना जाळीच्या झडपा. कोपऱ्यात एक जास्तीची रेघ तेवढी राहिली होती, ती काढून टाकली की झालं. मी माउस हातात घेतला, आणि कर्सर पाहून थांबले. कर्सरच्या मधोमध एक चौकट असते, ती रेघेवर टेकली की रेघ पकडली जाते. सगळ्यांच्या मशीनवर ती तिळाएवढी असते. अण्णांची अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी होती. हात जसजसा सुटत गेला, तसतशी ते ती वाढवत गेले असणार, मला काही न सांगता. फोनवर ‘हाय की जागेवर’ म्हणणारा हात आता कुठवर पोचला होता, ते मला तेव्हा दिसलं. आणि एवढ्या मोठ्या चौकटीतून त्यांनी ही बारीक जाळी काढली होती.

कुणाच्याही मशीनवर बसले, की आधी अशा गोष्टी जागच्या जागी आणायच्या, ही माझी मास्तरकीची खोड. ती चौकट लहान करायला बोटं सवयीने कीबोर्डकडे गेलीसुद्धा. मागून काकू म्हणाल्या, “काय बिघडलंय काय गं?” मी म्हटलं, “नाही काकू, सगळं बरोबर आहे.” डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे पडदा नीट दिसत नव्हता, आणि माझा हात इतका थरथरत होता की तो मला माझा वाटेना. ती चौकट मी तशीच त्या जास्तीच्या रेघेकडे नेली आणि क्लिक केलं. रेघ पहिल्याच खेपेला सापडली.